पाणी पुरेसं आहे

९ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

पोचलो. सामान लावलं. तुझ्या दादाचा चष्मा सोडून सगळं सापडलं, आणि चष्मा त्याच्याच डोक्यावर होता. घर त्याला फार आवडलंय, कारण खिडकीतून त्याच्या टाक्या दिसतात. गावाला पाणी पुरवणारं केंद्र हाताखाली आलं म्हणजे काही माणसांना स्वर्ग मिळतो. अशा माणसाशी लग्न कर म्हणून मला कोणी सांगितलं होतं? तूच. ‘माझा भाऊ आहे, भोळा आहे, तुला त्रास देणार नाही,’ हे तुझे शब्द. त्रास खरंच देत नाही. फक्त उचलून इतक्या लांब घेऊन आला.

फोनवर बोलत जाऊ असं तू म्हणालीस खरं, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि दुसऱ्या हाताने वायरी गुंडाळत असतेस. शिवाय इथल्या नेटवरून फुटेज पाठवायचं म्हटलं तर माझे केस पिकतील. तेव्हा नेहमीसारखं मोजमाप आणि पडदे तुझे, फिल्म कापणं-जोडणं माझं, फक्त डिस्क कुरिअरने जाईल-येईल, आणि डब्यात डिस्कबरोबर पत्र घालायचं. कागदावर तरी तू माझं पूर्ण ऐकशील.

शेजारीण भेटायला आली होती. तुम्ही काय करता, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मी आणि माझी नणंद मिळून समारंभांसाठी भिंतींवर आणि पडद्यांवर हलती चित्रं उभी करतो. ती म्हणाली, ‘म्हणजे लग्नाचं शूटिंग.’ मी ‘हो’ म्हटलं. वाद घालायला तू शेजारी नव्हतीस ना. बुटांच्या दुकानाच्या भिंतीवर आपण बुटांचा पाऊस पाडला होता आणि दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेत छतभर जबडा उघडला होता, हे तिला कसं समजावणार? त्या जबड्याखाली कोणी जेवायलाच बसेना, आठवतं?

आता तलावाबद्दल, नीट वाच. महापालिकेने एवढी वर्षं बंद पडलेला तो छपराखालचा पोहण्याचा तलाव सभागृह म्हणून उघडायला काढलाय आणि उद्घाटनाचं काम आपल्याला दिलंय. कुठल्या कंपनीचं चिन्ह मिरवायचं नाही की कोणाच्या साहेबाचा फोटो नाही. लोक पायऱ्या उतरून कोरड्या तलावाच्या तळाशी उभे राहणार, चारी बाजूंना आपले पडदे, पडद्यांवर पाणी चढत जाणार, आणि त्याच पडद्यांवर, वरच्या काठावरून एक बाई चालत राहणार. हे सगळं आपण दोघींनी तुझ्या गच्चीत बसून ठरवलंय. पाटीवर आपली दोघींची नावं. बदली झाली तुझ्या दादाची, माझी नाही.

पाण्याचं शूटिंग मी इथे सुरू केलंय. गाळणीच्या टाक्यांवर सकाळचं ऊन काय सुरेख पडतं! सोबतच्या डिस्कमध्ये बघ. चालायला मी फेब्रुवारीत येतेच आहे. नेहमीसारखंच, मी पडद्यावर आणि तू पडद्यामागे. किती वर्षं सांगतेय की एकदा तरी कॅमेऱ्यासमोर ये, पण तू म्हणजे फोटो काढायचा म्हटलं की दाराआड.

माझ्याशिवाय काही ठरवू नकोस.

तुझी,
कात्री


१९ जानेवारी

प्रिय कात्री,

पाणी बघितलं. दोनदा बघितलं. दादाच्या टाक्यांमध्ये इतकं देखणं काही असेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. तो घरी नुसता क्लोरिनबद्दल बोलायचा.

इकडे माझी मात्र चांगलीच दमछाक चाललीय. तलावाच्या छपराला काचा आहेत. दिवसा काम करायचं तर त्या सगळ्या काळ्या कापडाने झाकायला हव्यात. मी शिडीवर चढले की खाली शिडी धरायला कोणी नाही, आणि शिडी धरली की वर चढायला कोणी नाही. परवा प्रोजेक्टर मांडीत घेऊन तलावाच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. महापालिकेचा रखवालदार येऊन म्हणाला, ‘बाई, पाणी नाहीये, घाबरू नका.’

म्हणून थोड्या दिवसांसाठी एक बाई घेतली मदतीला. पूर्वी नाटकांना दिवे लावायची. सगळे तिला दिवेवालीच म्हणतात. तिला एवढं कळतं गं! मी तासभर पडदा सरकवत होते, ती आली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, ‘पडदा नाही, दिवा सरकवा.’ संपलं काम. शिडी अशी चढते, जणू घरचा जिना. बोलते कमी, हसते मोठ्याने. तिच्यासोबत दिवस कसा जातो कळत नाही. जेवणाची सुट्टी आम्ही तलावाच्या तळाशीच घेतो, खोल बाजूला, तिथे गार वाटतं. तिला तुझं पाणी दाखवलं तर म्हणाली, ‘हे ज्यांनी घेतलं त्यांना घाई नसते.’ मी म्हटलं, तिला तू ओळखत नाहीस!

तुला ती आवडेल. खरंच आवडेल.

दादाला म्हणावं बहिणीची आठवण ठेव. महिनाअखेरीस त्याची इथे बैठक आहे म्हणे. माझ्याकडेच उतरायला सांग.

तुझी,
मोजपट्टी


२५ जानेवारी

अहो वन्सं,

सा. न. वि. वि. आपलं पत्र पावलं. त्यात पाण्याबद्दल तीन ओळी आणि दिवेवालीबद्दल पाऊण पान आहे. ती शिडी कशी चढते, डोळे कसे बारीक करते, हसते कशी, जेवते कुठे, सगळं कळलं. तिच्या बुटांचं माप तेवढं राहिलं. पुढच्या पत्रात कळवावं.

मी चेष्टा करतेय असं समजू नकोस. म्हणजे करतेय, पण मला राग आलाय. तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि दर वेळी जास्त आला. दिवस कसा जातो कळत नाही म्हणे! माझा दिवस मला चांगला कळतो. सकाळी तुझा दादा जातो, मग मी टाकीकाठी कॅमेरा लावून बसते, मग केंद्रातले लोक येऊन विचारतात की पाण्यात काही पडलंय का. दुपारी मी घरात पडदे धुते. खिडकीचे, आपले नाही. काल तर ओला पडदा दोरीवर चिमटे लावून टाकला आणि हा किती छान ताणून बसलाय, तुला दाखवावा म्हणून मागे वळले. मागे शेजाऱ्यांचं मांजर होतं.

आता मला सरळ उत्तरं दे. तिला माझ्या स्टुलावर बसू देतेस का? काम पटलं की तू आपल्या दोघींमध्ये ती चुटकी वाजवतेस, ती तिच्यासमोरही वाजवतेस का? ‘मी म्हटलं, तिला तू ओळखत नाहीस,’ यावर तुम्ही दोघी हसलात का? कोणावर? आणि काठावरून चालायला मी येणार आहे, हे तिला सांगितलंस ना? नाटकवाल्यांना जरा जागा दिसली की ते मध्ये येऊन उभे राहतात.

मला ती आवडणार नाही. आधीच कळवून ठेवते, म्हणजे नंतर निराशा नको. मी तिचं नावही ठेवलंय, दिवटी.

तुझा दादा विचारतोय, पत्र लिहिताना पेन एवढं का दाबतेस.

तुझी वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

स्टुलावर ती बसत नाही, तिला उभं राहायची सवय आहे. चुटकी वाजवते, कारण ती माझ्या बोटांची आहे, तुझ्या मालकीची नाही. हसलो तुझ्यावरच, आणि तू इथे असतीस तर तूही हसली असतीस. मिळालं समाधान?

कात्रे, असं करू नकोस गं. तू गेल्यापासून मी नीट कोणाशी बोललेली नाही. एक माणूस भेटलं तर तू त्याच्या बुटांचं माप मागतेस.

आता महत्त्वाचं, आणि यावर तू चिडणार हे मला माहीत आहे. शूटिंग झालं. महापालिकेने अचानक कळवलं की काठाच्या फरश्या घासायला कारागीर येताहेत आणि त्यानंतर तिथे कोणाला पाय ठेवू देणार नाहीत. एकच दिवस हातात होता. तुझ्याकडून इथे यायलाच दीड दिवस. मी अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभी राहून भांडले, पण तो माणूस माझ्याशी बोलताना नखं कापत होता, त्याच्याशी काय भांडणार? तेव्हा बाईचं चालणं घेऊन टाकलं. कॅमेरा मी तिपाईवर लावला, दिवा दिवेवालीने धरला.

कोण चाललं, ते सांगत नाही. तूच बघ. एकच मागणं आहे, दर वेळी करतेस तसं कर. कापायला घेण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बघ. अगदी शेवटपर्यंत हं. मग ठेव, काप, उलटं कर, तुझी मर्जी. कापण्यात मी कधी बोललेय?

डिस्क सोबत आहे. प्रत काढायची राहिलीय आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून पुढच्या कामाला लागलंय, तेव्हा जपून ठेव. उद्घाटन पाच मार्चला आहे. तयार फिल्म फेब्रुवारी संपायच्या आत हवी, म्हणजे पडद्यांवर जुळवून बघता येईल.

दादा आला होता. दोन दिवस राहिला. तुझ्याबद्दल इतका काळजीने बोलत होता की मी त्याला विचारलं, माझ्या मैत्रिणीला नीट ठेवतोस ना? तो म्हणाला, ‘ती माझ्यापेक्षा तुझ्या पत्राची वाट जास्त बघते.’

तुझी,
मोजपट्टी


१८ फेब्रुवारी

वन्सं,

चिडणार हे माहीत होतं, तरी केलंत. छान.

तुझ्या दादाला परत आल्यावर मी विचारलं, शूटिंग बघितलंस का? म्हणाला, बघितलं. कोण चाललंय? म्हणाला, ‘आहे एक बाई. छान चालते.’ आणि त्याचे कान लाल झाले. खोटं बोलताना होतात, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, दिवेवाली ना? तर उठून बाहेर गेला, टाकीची पातळी बघायला. सकाळीच बघून आला होता. मग माझं मीच समजून घेतलं. बहीण-भाऊ मिळून माझ्यापासून लपवाछपवी करता. मला वाईट वाटू नये म्हणून, नाही का? एवढी कीव नको करायला माझी.

डिस्क उघडली. पहिलं दृश्य लागलं. काठावर एक बाई पाठमोरी, केस मोकळे, पायघोळ झगा, मागून दिवा, आणि चाल अशी संथ, जणू तलाव तिच्या बापाचा. मी तिथेच बंद केलं.

तो झगा मी निवडला होता. गच्चीत बसून, तुझ्यासमोर, निळा नको राखाडी हवा म्हणून तुझ्याशी भांडून. तो माझ्या मापाचा शिवायचा होता. त्या काठावर मी चालणार म्हणून मी इथे रोज टाकीच्या कडेने अनवाणी चालायचा सराव करत होते. हसू नकोस. केंद्रातल्या लोकांनी तुझ्या दादाला विचारलं होतं, वहिनींना बरं नाहीये का.

तुला समजत नाहीये माझं काय चाललंय. मी इथे दोन वर्षं काढीन, काही हरकत नाही. पण परत येईन तेव्हा माझी जागा तिथे असायला हवी. तलावाचं काम म्हणजे ती जागा होती. मी लांब आहे तरी आपलं काम चालू आहे, हे मला दिसायला हवं होतं. आता मला काय दिसतंय? माझा झगा, माझा काठ, आणि त्यात दुसरीच कोणी.

फिल्म वेळेत मिळेल. काम मी बिघडवत नाही.

तुझी वहिनी


२४ फेब्रुवारी

कात्रे,

फिल्म कुठे आहे? कुरिअरवाला रोज येतो आणि रिकाम्या हाताने हसतो. पडदे लावून झालेत, प्रोजेक्टर बांधलेत, पडद्यावर काय टाकू? तुझ्या पत्रावर भांडायला आत्ता वेळ नाही. एवढंच सांगते की तुझी मोठी चूक होतेय. फिल्म बघितलीस की कळेल. शेवटपर्यंत बघितलीस ना?

फोन का उचलत नाहीस? दादाला फोन केला तर म्हणतो, ती खोलीचं दार लावून बसलीय.

लवकर पाठव.

मोजपट्टी


२ मार्च

वन्सं,

सोबत फिल्म पाठवतेय. उशीर झाला, कारण सगळी नव्याने बांधावी लागली. ठरलं होतं त्यात एक बदल केलाय. बाई काढून टाकली. सगळीकडून. तळाशी उभ्या असलेल्या माणसांनी वर कोणाकडे का बघावं? त्यांनी पाण्याकडे बघावं. पाणी पुरेसं आहे.

कापण्यात मी कधी बोललेय, असं तूच म्हणतेस.

पाटीवर माझं नाव बरोबर लिहा.

तुझी वहिनी


११ मार्च

वहिनी,

पत्राला इतके दिवस लावले, कारण आधी लिहिलेली दोन पत्रं फाडली. त्यात मी तुला जे बोलले होते ते मी कोणालाच बोललेली नाही.

तुझी फिल्म पाच तारखेला सकाळी आली. संध्याकाळी उद्घाटन. बदलायला वेळ नव्हता, आणि बदलायला माझ्याकडे काही नव्हतंच, सगळं तुझ्याकडे. तेव्हा तू पाठवलंस तेच लावलं. महापौर आले, भाषण झालं, लोक पायऱ्या उतरून तळाशी गेले, दिवे बंद झाले. पाणी चढायला लागलं. पाणी कमरेपर्यंत आलं तसे पुष्कळ लोक नकळत टाचा उचलायला लागले. एका बाईने आपल्या छोट्या मुलीला कडेवर घेतलं, पाणी लागू नये म्हणून. संपल्यावर टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. तुझं कापणं अप्रतिम होतं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

आता ऐक. ती दिवेवाली नव्हती. ती मी होते.

तुला वेळेत पोचता येणार नाही हे कळलं तेव्हा मी शूटिंगच रद्द करायला निघाले होते. दुसऱ्या कोणाला मी त्या काठावर चालू देणार नव्हते, दिवेवालीला तर नाहीच, आणि तीही नको म्हणाली. मग मला वाटलं, कात्री एवढी वर्षं म्हणतेय ना, समोर ये, तर येते. तिच्या झग्यात येते. ती तिकडे एकटी बसून हे उघडेल आणि खुर्चीवरून पडेल. एवढाच माझा विचार होता. झगा खाली दुमडून शिवला, तू माझ्यापेक्षा उंच. पहिल्या फेरीत तर मी पायरीवरून घसरलेच. दिवेवाली म्हणाली, ‘ज्यांच्यासाठी चालताय त्यांचा विचार करा.’ केला. दादाने बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला मी शपथ घातली की सांगायचं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

आणि तू मला कापलंस. सगळीकडून.

तुला ओळखू कशी आले नाही, हे मी रोज विचारतेय. केस मोकळे होते, पाठमोरी होते, तू गती संथ ठेवायला सांगितली होतीस तशी ठेवली होती, सगळं कबूल. पण इतकी वर्षं मी शिडीवर आणि तू खाली, तू माझी पाठच तर बघितलीस.

तुला एक सांगू? हेवा तुला एकटीलाच येतो असं नाही. दादाने तुला नेलं तेव्हा मी सामान बांधायला मदत केली, हसत हसत. गाडी वळली आणि मी घरात येऊन त्याच्या लहानपणीच्या कपावर राग काढला. माझ्या भावाशी लग्न कर म्हणजे तू कायमची माझ्याजवळ राहशील, असा माझा हिशेब होता. मी इतकी शहाणी. तो तुला रोज बघतो, आणि मी तुझ्या पत्रांमधून तुझी बोलणी खाते. तरी मी त्याच्या बुटांचं माप विचारलं नाही.

पुढचं काम आलंय, एका ग्रंथालयाचं. रागाच्या भरात मी दिवेवालीला भागीदार केलं. पाटीवर तिचं आणि माझं नाव लागेल. राग थोडा उतरलाय, पण शब्द फिरवणार नाही, ती चांगलं काम करते. तुला हे कोणा दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून लिहिलं.

तलावातलं पाणी महिनाभर चालू राहणार आहे. तू कापलेलं फेकलं असशील तर तसं सांग. ठेवलं असशील तर पाठव. मला मी चालताना एकदा बघायचंय, कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत नाही, मोठ्या पडद्यावर.

तुझी नणंद


१७ मार्च

माझ्या मोजपट्टी,

तुझं पत्र तुझ्या दादाने वाचून दाखवलं, कारण ‘ती मी होते’ या ओळीपुढे मला वाचता येईना. तो पुढे वाचत राहिला. कपापाशी आल्यावर मात्र तो थांबला. म्हणाला, ‘तो निळा कप? मी दोन महिने शोधतोय.’

तुला ओळखू कशी आले नाही, विचारतेस. मी बघितलंच नाही गं. पहिलं दृश्य पाहून बंद केलं होतं ते खरं, आणि नंतरही बघितलं नाही. दिवटी डोळ्यांसमोर नको म्हणून कापायला बसले तेव्हा स्क्रीनवरचं चित्र नखाएवढं करून ठेवलं. त्यात ठिपक्याएवढं जे काही हलत होतं, ते ते उडवत गेले. माझ्या आयुष्यात मी असं काम केलं नाही. लोकांनी ज्याला टाळ्या वाजवल्या ते कापताना मी डोळे मिटून बसले होते म्हटलं तरी चालेल. आणि उडवताना मला आनंद होत होता, हेही सांगून टाकते. कचकच कापत होते. एकेक तुकडा गेला की बरं वाटायचं.

फेकलं नव्हतं. मी कापलेलं कधी फेकत नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी खिडक्यांवर चादरी बांधल्या, समोरच्या भिंतीवर तुझ्या दादाच्या केंद्रातला प्रोजेक्टर लावला, आणि सगळे तुकडे जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले. भिंत लहान आहे, तुझं डोकं छताला लागत होतं. तुझी ती बदकाची घाईची चाल संथ केल्यावर अशी होते, हे मला कसं ठाऊक असणार? तू कुठे कधी सावकाश चाललीस? वळणापाशी मात्र डावा हात कमरेवर गेला, नेहमी खिशात असते ती मोजपट्टी शोधायला. झग्याला खिसा नव्हता. तिथे मी मोठ्याने रडले. शेजारीण धावत आली. तिला सांगितलं, लग्नाचं शूटिंग बघतेय.

आणि मग शेवट. तू थांबतेस, वळतेस, आणि म्हणतेस, ‘कात्रे, वाईट चालले असेन तर खुशाल काप मला. पण आधी बघ.’

माफी मागितली तर तू म्हणशील, कागदावर सोपं असतं. तरी मागते. तू माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम मी न बघता कापलं. तुला पाटीवर दुसरं नाव घालावंसं वाटलं ते बरोबर आहे. मला वाईट वाटायचं तेवढं वाटलंय, अजून वाटतंय, पण ते तसंच राहू दे. कीव म्हणून तिसरं नाव घालू नकोस.

पण हेवा संपला म्हणून सांगितलं तर खोटं होईल, आणि माझेही कान लाल होतील. बोलायला वळलीस तेव्हा तू हसतेस. हसताना आधी तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस. आधी कॅमेऱ्याच्या बाजूला बघतेस, जिथे ती दिवा धरून उभी असणार, आणि मग माझ्याकडे. तिचं हसूही ऐकू येतं, खरंच मोठ्याने हसते. तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावला. तुझा दादा म्हणाला, आता पुरे. पहिल्यांदा आयुष्यात तू कोणासमोर आलीस, माझ्यासाठी आलीस, माझ्या झग्यात आलीस, आणि ते बघायला तिथे ती होती. तिने काही केलं नाही, मला कळतं. चांगली बाई आहे, तेही कळतं. तरी मला तिचा इतका राग येतो की बघ, पेन पुन्हा दाबलं गेलंय.

तुकडे कुरिअरने पाठवत नाही. स्वतः घेऊन येतेय. तुझ्या दादाने तिकीट काढून दिलं, आणि एक पाण्याची बाटलीही दिली, त्याच्या केंद्रातली, तुला चाखायला. मोठ्या पडद्यावर तुला तू दिसशील, मी लावून देईन. पण त्याआधी माझं एक काम कर. काठाच्या फरश्या तर कधीच घासून झाल्यात. रखवालदाराला सांगून दुपारी एकदा काठावर जा, झगा नसला तरी चालेल, बूट घालून चाललीस तरी चालेल. मी तळाशी उभी राहीन, कॅमेरा आणणार नाही. एक फेरी चाल, आणि वळून बघशील तेव्हा मलाच बघ.

आणि तेवढ्या वेळापुरतं तिला काहीतरी आणायला बाहेर पाठव.

तुझी,
कात्री